लाल प्रायमरच्या खाली

साहेब, झाकण लावताना तुम्ही आतली माणसं मोजली नाहीत. टाकीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, म्हणून घाईघाईत सगळे नटबोल्ट आवळून घेतलेत आणि संध्याकाळी पाणी सोडलंत. आत सात रंगारी गेले होते. बाहेर सहा आले. सातवा माझा धाकटा भाऊ.

तुम्ही म्हणता, गेटच्या वहीत तो बाहेर पडल्याची सही आहे. वही मी पाहिली. सातही सह्या मुकादमाच्या हातच्या आहेत. तो रोज सगळ्यांच्या सह्या एका दमात ठोकतो, हे गेटवरच्या माणसापासून तुमच्यापर्यंत कोणाला माहीत नाही?

मी बाहेरच्या रंगाची जाडी तपासतो. रंगावर मार्करने काळी रेघ मारायची, तिच्यावरून आडवी कटिंग गेजची पाती ओढायची आणि भिंगातून चिरेत बघायचं. पाती तिरकी कापते, त्यामुळे प्रत्येक थर पट्टीसारखा दिसतो. पट्टीची रुंदी मोजली की थराची जाडी कळते. आई म्हणायची, एक पोरगा रंग लावतो, दुसरा खरवडतो, माझ्या घरात काही टिकायचं नाही.

झाकण लागलं त्या सोमवारी सकाळी मी चीर घेतली होती. वर पांढरा, मग करडा, मग लाल प्रायमर, तळाला चकचकीत पोलाद. करारात आहे तसंच.

मंगळवारी त्याच रेघेवर, बोटभर बाजूला, प्रायमरच्या खाली चौथी पट्टी दिसली. फिकट निळसर. साठ मायक्रॉन. वाटलं, काल माझी नजर चुकली. बुधवारी तिच्याही खाली पाचवी आली, पिवळसर. वरचा पांढरा रंग जसाच्या तसा, काळी रेघ कुठेही तुटलेली नाही. थर पोलादाच्या बाजूने येत होते.

गुरुवारी पुन्हा निळसर. आत रंग देताना माझा भाऊ एक दिवस चिमूटभर निळा मिसळायचा, दुसऱ्या दिवशी पिवळा. म्हणजे आजचा हात कुठे फिरायचा राहिला ते लगेच दिसतं. दुसरं कोणी एवढी तसदी घेत नाही. बाकीचे त्याला 'पेंटरबुवा' म्हणून चिडवायचे.

मी तुमच्या टेबलाशी आलो. तुम्ही गेज बदलायला सांगितलंत, मी बदललं. शुक्रवारी पुन्हा आलो, तेव्हा तुम्ही हसलात.

"भरलेल्या टाकीत कोण रंग देतो रे? जरा झोप काढ."

वर हेही ऐकवलंत, की टाकी उपसायची तर दोन दिवस शहराचं पाणी तुटेल, आणि तेही एका पळून गेलेल्या माणसासाठी. अहवालात तीनच थर लिहायला लावलेत. मी लिहिले. ती सही मात्र माझ्याच हातची आहे, आणि तिची मला लाज वाटते.

शनिवारी भावजय आली. मी तिच्या हातात भिंग दिलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"भाऊजी, उद्या रविवार," ती म्हणाली. "उद्या येऊन बघाल?"

रविवारी थर वाढला नव्हता.

सोमवारी वाढला.

रविवारी तो ब्रशला हात लावत नाही. थराचं मी तिला सांगितलं. तेव्हापासून ती रोज येते आणि टाकीला कपाळ टेकून उभी राहते. तिला आतून काही ऐकू येतं का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

आज सकाळी पाती पूर्ण खोल गेली, पण पोलाद दिसलं नाही.

तळाची पट्टी ओली होती. तिच्यात ब्रशचा एक केस रुतलेला.

मी भिंगातून बघत असताना तो केस आत ओढला गेला.

अहवालात नाही ते इथे लिहितो. पहिला थर साठ मायक्रॉनचा होता. पुढचे पन्नास, पस्तीस, वीस असे उतरत गेले. आजचा सात.

त्याच्याकडचा रंग संपत आलाय.

झाकण कधी उघडता, साहेब? तारीख सांगा.