बरी झालेली थोरली

आतल्या खोलीत पोर खाटेवरून पडून जिवाच्या आकांताने रडत होती, आणि तिची आई, त्या घरची थोरली सून, तिकडे पाठ करून शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती!

“दगड आहे, दगड!” सासूबाई थोरल्या मुलाला म्हणाल्या. “हाका मारून घसा बसला माझा, ढुंकून पाहील तर शपथ! चालते तीही झोकांड्या खात... नाटकं नुसती. माहेरी पोचव तिला. पोर इथंच राहील.”

मुलगा गाडी ठरवायला उठला. आज्ञाधारकपणा हीच त्या घरातल्या पुरुषांची एकमेव विद्वत्ता होती.

धाकटी सून तापाने पडली, तिच्या हिरड्यांतून रक्त वाहू लागले, तेव्हा ही मंडळी उंबऱ्याबाहेरून हळहळली होती. उशाशी बसली ती थोरली. धाकटी वाचली, पोटातला चार महिन्यांचा जीव मात्र गेला... आणि मग त्याच तापाने थोरलीला गाठले. रुग्णालयाच्या नोंदवहीत या रोगाच्या परिणामाला दोनच रकाने होते: मृत आणि बरी. मूत्रपिंडे निकामी होणे, गर्भ जाणे, आणि ताप उतरून सगळे निर्धास्त झाल्यावर वाचलेल्यांपैकी कित्येकांची श्रवणशक्ती हरपणे, एवढ्यासाठी छापखान्याची शाई पुरली नसावी. थोरली ‘बरी’ होती.

आता धाकटीने पोरीला उचलले, आणि थोरलीची निश्चल पाठ पाहून ती थबकली. आजारातून उठल्यावर आठ दिवस तिच्याही कानांत शिट्ट्या वाजत होत्या, पायांखालची जमीन सरकत होती. तिचे ते थांबले होते...

“भाऊजी, गाडी नको! ताईंना ऐकूच येत नाहीये!”

धावत जाऊन तिने पोरीला थोरलीच्या मांडीवर ठेवले. “सांगितलं का नाहीत, ताई? माझाच ताप ना हा...” तिला हुंदका आवरेना.

थोरलीने नेमके याचसाठी लपवले होते. गेलेल्या जिवाचा दोष स्वतःच्या माथी घेऊन बसलेल्या धाकटीवर आणखी एक ओझे नको! आपल्यामागे घरात काय ठरत होते, ते तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

“काय म्हणतेस ते कळत नाही गं,” आपला आवाज किती चढला आहे याची कल्पना नसलेली ती ओरडली, “पण रडतेस ते दिसतंय. पूस डोळे!”

शेजारच्या खिडकीत दोन डोकी डोकावली. चारचौघांची लाज हाच ज्यांचा धर्म, त्या सासूबाई खिडकी लावायला झटकन उठल्या... आणि अर्ध्यातूनच वळल्या. सुनेला आपले ओठ दिसतील अशा बेताने त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

“चुकले मी,” त्या सावकाश म्हणाल्या.