दोन ठळक पट्टे

प्रथिनं तपासायच्या जेलच्या पातळ थरावर एकच निळा पट्टा उमटायला हवा होता. पद्मजाला दोन दिसले.

तिनं दुसरी कुपी तपासली, मग तिसरी. सगळीकडे तेच. वालाच्या मुळांतून वर्षानुवर्षं खपून वेगळं काढलेलं प्रथिन मोडलं होतं. मातीतले उपयोगी जिवाणू ओळखून मुळांत घेणारं हे प्रथिन घेऊन ती पुढच्या महिन्यात, म्हणजे चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये, दोन वर्षांसाठी जर्मनीला निघणार होती.

अंधेरीच्या त्यांच्या संशोधन संस्थेत बातमी लगेच पसरली. संचालक नंदकिशोर यांनी निकालही देऊन टाकला.

"तुमच्या त्या विद्यार्थ्यानं, चंद्रप्रकाशनं फ्रीझर उघडा टाकला असणार."

"त्याच्या कुप्या शेजारीच होत्या. त्या धड कशा राहिल्या?"

"म्हणजे मुद्दामच केलंय. उद्या संस्थेतून त्याचं नाव कमी करतो."

पद्मजाचा नवरा शिवदास दारात उभा होता. प्रथिनं कापणाऱ्या विकरांवर, म्हणजे जिवाणूंपासून मिळणाऱ्या एन्झाइमांवर, त्याचं काम शेजारच्याच खोलीत चाले. तो हळूच म्हणाला, "पोराला कशाला बळी देता? वीज गेली असेल."

पद्मजानं फ्रीझर उघडला. आत भांड्यात शनिवारी ठेवलेले बर्फाचे तुकडे तसेच होते, सुटे, चौकोनी.

तिनं चंद्रप्रकाशला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"शनिवारी कुप्या धड होत्या. रविवारी कुठे होतास?"

"दहिसरला, घरी. आईला विचारा, मॅडम."

"शिवदाससरांचं विकर कधी वापरलंयस का?"

"त्यांचं कपाट कुलूपबंद असतं. किल्ली त्यांच्याकडेच."

मग ती फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे, काशीरामकडे गेली.

"रविवारी कोण आलं होतं?"

"भायला कोण नाय, बाई. तुमचे सायेब तेवढे इल्ले. तुमचो चष्मो ऱ्हवलो म्हणान."

पद्मजाचा हात नाकावरच्या चष्म्याकडे गेला. रविवारभर ती तोच लावून मुलुंडच्या घरी वाचत बसली होती. तिचा दुसरा चष्मा नव्हताच.

संध्याकाळी घरी तिनं जेलचा फोटो शिवदाससमोर ठेवला.

"वीज गेली असती तर बर्फ वितळून एक ढेकूळ झालं असतं. आणि प्रथिन आपोआप कुजलं की त्याचे वाटेल तसे तुकडे होतात, जेलवर नुसता फराटा उठतो. इथे दोन ठळक पट्टे आहेत. प्रत्येक कुपीत एकाच जागी काप. असं कापणारं विकर तुझ्या कपाटात आहे, शिवदास. फ्रीझर बंद केला असतास तर चंद्रप्रकाशचंही काम गेलं असतं. ते तुझ्यानं झालं नाही. म्हणून फक्त माझ्या कुप्या काढल्यास, विकर घालून कोमट पाण्यात धरल्यास आणि परत ठेवल्यास."

शिवदासनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिचं दार बंद होतं. त्यांची मुलगी क्षमा गेल्या वर्षी काविळीनं गेली, तेव्हापासून ते बंदच असे.

"दोन वर्षं या घरात मी एकटा..." त्यानं फोटो पालथा घातला. "क्षमानंतर कामानंच तुला उभं केलं होतं. जाऊ नकोस म्हणायला तोंड नव्हतं मला."

पद्मजानं फोटो उचलून पिशवीत ठेवला.

"एकदा म्हणाला असतास, तर मी थांबले असते रे."

दुसऱ्या दिवशी शिवदासनं स्वतः नंदकिशोर यांच्यापुढे सगळं कबूल करून राजीनामा दिला. चंद्रप्रकाशचं नाव संस्थेत राहिलं. पद्मजानं प्रथिन पुन्हा काढण्यासाठी जर्मनीतल्या लोकांकडे सहा महिन्यांची मुदत मागितली आणि सामान घेऊन घाटकोपरला बहिणीकडे राहायला गेली.