धाकलीच्या पोटाखालची तार

"धाकली येऊन राहिली! नानीमाय, लाडीला घट्ट धरा," जगन ओरडला.

धाकली अजून दिसतसुद्धा नव्हती. ती टेकडीच्या पलीकडे, ओढ्यातल्या दगडांवर होती. पण तिचा आवाज मात्र केव्हाच तांड्यात येऊन पोचला होता. पत्र्यावर कुणी टोपलीभर दगड ओतावेत तसा. नानीबाईंनी म्हशीच्या गळ्यातलं दावं मुठीत आवळलं. लाडीनं कान टवकारले, डोळे मोठे केले आणि धाकली टेकडी चढून दारात येऊन उभी राहीपर्यंत बादलीला लाथ बसली होती, दावं सुटलं होतं आणि लाडी तुरीच्या शेतात पसार झाली होती.

"आजबी पान्हा चोरला," नानीबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "आता काय काढू, कप्पाळ?"

गोरेगावचे अमृतराव आसपासच्या तांड्यांवरून दूध गोळा करत. दूध काढायचं ते गाडी दारात उभी राहिल्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे पाणी घातल्याचा संशय कुणी कुणावर घ्यायला नको, अशी तिथली रीत. त्यासाठी त्यांनी फौजेच्या लिलावातून दोन उघड्या जीपगाड्या आणल्या होत्या. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच सालच्या, एकाच रंगाच्या. पुढे चालवणारा आणि शेजारी एक माणूस, मागे दुधाचे कॅन. लोकांनी त्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकली. थोरली अमृतराव स्वतः चालवत. धाकलीवर होते वसराम, म्हणजे जगन आणि शिलाचे वडील.

आज अमृतराव मुद्दाम धाकलीत बसून आले होते. ते खाली उतरले, रिकाम्या बादलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वसराम, दोन्ही गाड्या एका घरच्या. माजी थोरली मांजरावानी चालते आन् तुजी बोंबलत येते. गाडी रेटतो तू. मशी बुजून राहिल्या, दूध आटून राहिलं. सोमवारपासून म्या दुसरा डायवर बघतो."

"काय म्हणले मालक?" वसरामनी कानामागे हात धरत विचारलं.

जगननं मान खाली घातली. "सोमवारपासून तुमी गाडीवर न्हाई, बा," तो मोठ्यानं म्हणाला.

दोन हजार दोन सालची दिवाळीची सुट्टी होती. गोरेगावची सातवीतली आकांक्षा आणि तिचा हिंगोलीहून आलेला मावसभाऊ प्रज्ञेश जगनबरोबर बोरं खायला म्हणून तांड्यावर आले होते. बोरं अजून हिरवीच होती, त्यामुळे हा सगळा प्रकार त्यांना पाहायला मिळाला.

"तुझे बाबा खरंच गाडी रेटतात का रे?" परतताना प्रज्ञेशनं विचारलं. तो आठवीत होता आणि सुट्टीतही खिशात वही बाळगायचा.

"खुळा हाय का तू? अंडी घेऊन निघालं तरी फुटायची न्हाईत," जगन चिडून म्हणाला. मग जरा हळू आवाजात त्यानं सांगितलं, "त्या आवाजानं बाचे कान गेले रे. घरीबी आता ओरडून बोलतो. रातच्याला म्हणतो, कानात गाडी चालूच हाय."

"मग दोन गाड्यांत फरक का, ते शोधायला हवं," आकांक्षा म्हणाली. "शोधायचं का?"

हे वाक्य आपल्यालाच महागात पडणार आहे, याची तिला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी अमृतराव जेवून आडवे झाले की त्यांच्या घोरण्याची धाकली सुरू व्हायची. तेवढ्या वेळात शिलाला धरून चौघं त्यांच्या पत्र्याच्या शेडपाशी जमली. वसराम कॅन धूत होते. लेकरांचा हट्ट म्हणून त्यांनी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"आवाज मोजायचा कसा? आपल्याकडे यंत्र कुठंय?" प्रज्ञेशनं वही उघडत विचारलं.

"शिला हाय की," जगन म्हणाला.

चौथीतल्या शिलाचा आवाज खणखणीत होता आणि तिला एकोणीसचा पाढा येत होता, याचा तिला फार अभिमान होता. ठरलं असं की जगननं गाडीत डोळे मिटून बसायचं, शिलानं एकाच पट्टीत पाढा म्हणत मागे मागे जायचं आणि पाढा ऐकू येईनासा झाला की जगननं हात खाली करायचा. पावलं मोजायची आकांक्षानं. आधी थोरली सुरू झाली. शिला बावीस पावलं गेली तेव्हा कुठं जगनचा हात खाली आला. मग धाकली. एकोणीस त्रिक सत्तावनपर्यंत शिला पोचते न पोचते तोच हात खाली.

"सहा पावलं," आकांक्षा म्हणाली. "बावीस कुठं आणि सहा कुठं! आणि आता तर गाड्या उभ्याच आहेत. म्हणजे रेटण्याचा प्रश्नच नाही."

"तुलना झाली, पण कारण कळलं नाही," प्रज्ञेश पेन चावत म्हणाला. "इंजिन खराब असेल."

आकांक्षाला कारण शोधायची युक्ती सुचली ती माय दाणे पाखडते त्यावरून. ती शेजारच्या घरातून एक ताटली आणि मूठभर ज्वारी घेऊन आली. ज्वारीची ताटली तिनं थोरलीच्या बॉनेटवर ठेवली, दाणे थरथरले. धाकलीच्या बॉनेटवर ठेवली. दाणे तेवढेच थरथरले.

"म्हणजे इंजिन दोन्हींचं सारखं," ती म्हणाली. मग तिनं ताटली चालवणाऱ्याच्या पायांपाशी ठेवली. थोरलीत दाणे जरासे हलले. धाकलीत ते टणाटण उडून वसरामच्या चपलांवर जाऊन पडले.

"आवाज खालून येतोय!" प्रज्ञेश ओरडला आणि वसरामनी गाड्या बंद करताच नवा शर्ट न बघता आधी थोरलीच्या आणि मग धाकलीच्या खाली सरपटत गेला. बाहेर आला तेव्हा नाकाला ग्रीस लागलं होतं. "ऐका. थोरलीचा सायलेन्सर दोन जाड रबरी कड्यांना टांगलाय. तो हलला तरी गाडीला धक्का लागत नाही. धाकलीला ती कडीच नाहीत. तारेनं करकचून आवळलाय. हादरे बसून बसून सायलेन्सरला सांध्यापाशी भेग पडलीय. कुणी काढली असतील रे ती कडी?"

आकांक्षाच्या हातातली ताटली एकदम जड झाली.

जुलैमध्ये याच शेडमध्ये धाकली उघडून ठेवलेली होती. मेस्त्री जेवायला गेला होता. शाळेतून येताना तिला पोत्यावर दोन काळी, जाड, गोल रबरं दिसली. तिला विज्ञान प्रदर्शनासाठी छोटी बैलगाडी बनवायची होती आणि चाकं काही केल्या जमत नव्हती. दोन रबरं तर आहेत, असं मनाशी म्हणून तिनं ती दप्तरात टाकली. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. बैलगाडीला पहिलं बक्षीस मिळालं. गुरुजी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "चाकं बघा, जराही आवाज करत नाहीत."

"आकांक्षा, काय झालं गं?" शिलानं विचारलं.

"काही नाही. ऊन लागतंय," ती म्हणाली. आपल्याच हुशारीनं आपली मानगूट पकडली, हे ती कुणाला सांगणार?

त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. फळीवर ती बैलगाडी होती आणि वर भिंतीला प्रमाणपत्र. तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. आपण दोनच रबरं घेतली होती, मेस्त्रीनं नवी आणायला हवी होती, भेग काही आपण पाडली नाही. प्रत्येक वेळी समजूत पटत यायची आणि तेवढ्यात वसरामकाकांचा कानामागे धरलेला हात आठवायचा.

"पोटात दुखते का गं?" तिची माय जनकाबाई हिनं विचारलं.

"नाही गं," आकांक्षा म्हणाली, आणि तेही खोटंच होतं.

इकडे प्रज्ञेश जोरात होता. नुसत्या पावलांच्या आकड्यांवर अमृतराव विश्वास ठेवणार नाहीत, त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी दाखवायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. शनिवारी सकाळी शिलानं नानीबाईंना बरोबर पढवलं आणि थोरली तांड्यावरून जात होती तेव्हा नानीबाई वाटेत उभ्या राहिल्या.

"मालक, सारा तांडा म्हणतो तुमचा हात लई हलका. आज दुपारच्या पाळीला धाकली तुमी आणा की. तुमच्या हाती माजी लाडी बराबर पान्हावंल."

अमृतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यात काय अवघड? आणतो. वसराम थोरली घेऊन मागून येईल. बघू द्या त्यालाबी, गाडी कशी चालवत्यात."

दुपार कलली तशी चौघं नानीबाईंच्या दारात येऊन बसली. आकांक्षाच्या फ्रॉकच्या खिशात सकाळपासून दोन रबरी कडी होती. चार वेळा तिनं तोंड उघडलं होतं आणि चारही वेळा भलतंच काहीतरी बोलली होती.

ओढ्यापलीकडे गडगडाट सुरू झाला. अमृतराव अगदी जपून, बैलगाडीच्या चालीनं येत होते. तरी आवाज तोच. धाकली दारात थांबायच्या आत लाडीनं बादली उडवली आणि शेपूट वर करून तुरीत घुसली. अमृतराव स्टिअरिंगला धरून तसेच बसून राहिले. जगननं लाडीला चुचकारत परत आणलं तेव्हा मागून वसराम थोरली घेऊन आले. लाडीनं एक कान हलवला, दोन मिनिटांत पान्हावली आणि बादलीत धारा वाजू लागल्या.

"आता सांगा, हाताचा दोष की गाडीचा?" नानीबाईंनी न हसता विचारलं.

प्रज्ञेशनं वही उघडून पावलं वाचून दाखवली, दाण्यांची गोष्ट सांगितली आणि शेवटी अमृतरावांना वाकायला लावून तार दाखवली. अमृतराव सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बरं, गाडीचाच दोष. पर ती रबरं गेली कुठं? गाडी कुणाच्या ताब्यात होती? वसरामच्या. विकून खाल्ली असतील, दुसरं काय."

वसरामना हे नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणले?" त्यांनी जगनला विचारलं. बापाला चोर म्हटलेलं बापाला मोठ्यानं ओरडून कसं सांगायचं?

आकांक्षा उठली. तिनं खिशातून ती कडी काढली आणि हात पुढे केला.

"मी घेतली," ती म्हणाली. मग वसरामना ऐकू यावं म्हणून तिला तेच पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं, "काका, मी घेतली. जुलैमध्ये. न विचारता. माझ्या छोट्या बैलगाडीला चाकं हवी होती. मला कालच कळलं होतं, तरी मी गप्प बसले."

जगननं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो गोठ्यामागे निघून गेला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पण काका," प्रज्ञेशनं वसरामच्या कानाशी जाऊन चाचरत विचारलं, "रबरं सापडली नाहीत, तर नवी का नाही आणली? तार कुणी बांधायला सांगितली?"

वसरामनी जमिनीकडे बघत सांगितलं, "मेस्त्री म्हणत होता, हिंगोलीहून नवी आणा. मालक म्हणले, कुठं जातो, तार आवळ, चालतंय. म्या दोनदा सांगितलं, आवाज वाढून राहिला. पुन्हा न्हाई बोललो."

नानीबाईंनी अमृतरावांकडे असं पाहिलं की त्यांची मिशी आपोआप खाली आली. ते म्हणाले, "व्हय. म्याच म्हणलो होतो. पोरीनं कबूल केलं, आन् म्या एवढा बाप्या माणूस लोकाला चोर म्हणून राहिलो. वसराम, चुकलो गड्या."

रविवारी बाजारात वेल्डिंगवाल्यानं भेग सांधली. मेस्त्रीनं तार तोडली आणि आकांक्षानं आपल्या हातानं दोन्ही कडी त्याच्याकडे दिली. पायांखालच्या पत्र्याला ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि वर पोतं, ही शिलाची सूचना. तिच्या घरी दळणाचा डबा वाजू नये म्हणून खाली पोतं घालत. मग पुन्हा एकोणीसचा पाढा झाला. वीस पावलं!

सोमवारी धाकली वसरामच तांड्यावर घेऊन गेले. लाडीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नानीबाईंनी चौघांच्या हातावर गूळ ठेवला. अमृतराव साऱ्या तांड्यासमोर म्हणाले, "हिंगोलीच्या मोठ्या मेस्त्रीला जमलं नसतं, ते या पोरांनी केलं. ज्वारीच्या दाण्यानं गाडीचा रोग शोधला! शाबास!"

आकांक्षाच्या तोंडातला गूळ गोड लागेना. ती वसरामजवळ गेली. "काका, कानाला आता बरं आहे का?"

"उजव्याला बरं हाय," वसराम म्हणाले. "डाव्यात अजून गाडी चालू हाय. मालक नांदेडच्या डॉक्टरकडं नेतो म्हणले." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बोललीस म्हणून मी चोर ठरलो न्हाई. ते म्या ध्यानात ठेवीन."

ती रडली. कुणी तिला गप्प केलं नाही, आणि तेच बरं झालं.

जगन मात्र दोन दिवस बोलला नव्हता. ती घरी निघाली तेव्हा तो टेकडीच्या उतारापर्यंत मुकाट्यानं मागे मागे आला. तिथं त्यानं खिशातून दोन लाकडी चाकं काढली. बाभळीची, हातानं तासलेली, एक जरा वाकडंच.

"तुझ्या बैलगाडीला," तो म्हणाला. "हे लई वाजतील बरं का. कराकरा."

"वाजू दे," आकांक्षा म्हणाली.

दोघं ओढ्यापर्यंत बरोबर चालत गेली. मागून धाकली कधी जवळ आली ते त्यांना कळलंच नाही. वसरामनी हॉर्न दिला तेव्हा दोघंही दचकून बाजूला झाली.