दुसरा झटका

डॉ. वृषाली औटी धावतच रस्ता ओलांडून खासगी गुप्तहेर गहिनीनाथ शेळकेच्या सुप्यातल्या कचेरीत शिरल्या.

"गहिनीनाथभाऊ, पेशंट हातचा चाललाय! रंभाजी दिवटे, वय साठ. खांद्यावरची चरबीची गाठ काढायची होती. तेवढ्याच जागेपुरती भूल दिली आणि पाच मिनिटांत आकडीचा झटका आला. उताऱ्याचं सलाईन लावल्यावर सावरले. पण तासाभरानं आत्ता दुसरा झटका आला! सलाईन पुन्हा लावून धावत आले."

"डोस जास्त झाला?"

"वजनाच्या मानानं निम्माही नव्हता. जावई म्हणतोय, कंपाउंडरनं बाटली बदलली."

"कंपाउंडरच असणार," मदतनीस श्रीमंत म्हणाला. गहिनीनाथ तोवर दाराबाहेर पडला होता.

समोरच्या दवाखान्यात कंपाउंडर भीमराजनं रडवेल्या चेहऱ्यानं बाटली दाखवली. नाव बरोबर, औषधही दिलं तेवढंच कमी झालेलं.

"साहेब, टेबलावर झोपवलं तवाच ते म्हनत हुते, कानात घुंई वाजतंय, जिभेला लोखंडाची चव लागतीय. मला वाटलं, घाबरल्यात."

"सुई टोचायच्या आधी?"

"व्हय, आधीच."

बाहेर बाकावर रंभाजींची बायको छबूबाई डोळे पुसत होती.

"त्यांना औषध कुठलं चालू होतं, मावशी?"

"एक गोळीबी न्हाई. गुडघे तेवढे लई दुखायचे. आज मातर दवाखान्याचा जिना तुरुतुरु चढले. एक चप्पल जिन्यातच निसटली, तरी कळलं न्हाई त्यास्नी."

शेजारी जावई छगन उभा होता, दोन्ही हातांवर गोंदण. "मामांना मीच माझ्या टॅटूच्या दुकानावरून गाडीवर आनलं. डॉक्टरला सोडनार न्हाई!"

गहिनीनाथ तडक आत गेला. "डॉक्टर, पायजमा काढा. लवकर!"

दोन्ही पायांना मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. खाली पांढऱ्या मलमाचा जाड थर.

डॉक्टरांनी प्लास्टिक टराटरा फाडलं. भीमराजनं पाय धुऊन काढले. अर्ध्या तासात नाडी ठिकाणावर आली.

"पण तुम्हाला कळलं कसं?" सगळे बाहेर बाकापाशी आल्यावर श्रीमंतनं विचारलं.

"कानातला आवाज आणि जिभेवरची चव ही भुलीचं औषध रक्तात जास्त झाल्याची खूण. ती सुईच्या आधीच दिसली. म्हणजे औषध आधीच अंगात होतं. दुखरे गुडघे एकाएकी गप्प, चप्पल निसटलेली कळत नाही, म्हणजे पाय बधिर. आणि तासाभरानं दुसरा झटका आला, म्हणजे औषध अजून आत झिरपतंय. गोंदण्याआधी कातडी बधिर करायला मलम लावून वर प्लास्टिक कोण बांधतं, छगनराव?"

छगननं कपाळावर हात मारला. "मामांना जिना चढवंना, म्हनून लावलं. चार ट्यूबा. दवाखान्यात औषधं इचारली, तवा वाटलं, मलम काय औषध हाय व्हय?"

"मीही गोळ्यांचंच विचारलं," डॉक्टर म्हणाल्या. "यापुढं मलमाचं आधी विचारीन."

पंधरा दिवसांनी तीच भूल, तोच भीमराज, तेच टेबल. वीस मिनिटांत गाठ निघाली. रंभाजी सबंध वेळ गप्पा मारत होते.

"डॉक्टरीनबाई, दावा तरी," ते मान वळवून म्हणाले. "एवढ्या लढाईत धरलेला कैदी हाय कसा, बघू द्या की!"