अंगठा लागत नाही

आमगावच्या बाजूच्या एका गावात आशा सेविकेचं काम करता करता सुलोचनाबाईंचे केस पिकले. भूतखेत, करणी असं कोणी काढलं की बाई सरळ उठून जायच्या. त्यांची एकुलती एक लेक रुची लग्नानंतर सहा वर्षांनी आता कुठे गरोदर होती, तिकडे सासरी फुलचूरला. तिसरा महिना चालू होता. म्हणून यंदा गावात जे घडत होतं ते त्यांना जास्तच जिव्हारी लागत होतं.

सात महिन्यांत तीन बाळं. तिघांचीही शीची वाट बंद, हृदयाला छिद्र आणि दोन्ही हातांना अंगठे नाहीत. डॉक्टर म्हणाले, एकेक दोष दिसतो कधीमधी, तिन्ही एकत्र फार क्वचित. मग एकाच गावात तीनदा कसे? डॉक्टरांनी नागपूरला कळवलं. एकही बाळ आठवडाभर जगलं नाही.

नागपूरहून पथक आलं. नात्यात लग्न झालंय का, गोळ्या कोणत्या घेतल्या, फवारणी कधी केली, सगळं विचारून झालं. बोअरचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. त्यात काही निघालं नाही. गावाला मात्र कारण लगेच सापडलं. तिसरं बाळ चंदाचं. तिच्या सासूनं, धुरपताबाईनं, चारचौघींत सांगून टाकलं की सून ग्रहणात वांगी चिरत होती. त्या बाईच्या जिभेला हाडच नाही. चंदाचं दूध अजून आटलं नव्हतं हो!

त्याच महिन्यात सुलोचनाबाई चंदाला घेऊन रेशनला, कंट्रोलच्या दुकानात गेल्या. मशीनवर अंगठा ठेवताच पावती निघाली. दुकानदार नंदलाल चंदाकडे पाहतच राहिला. ती पिशवी घेऊन बाहेर पडल्यावर म्हणाला, "सहा महिने हिचा अंगठा लागतच नव्हता."

बिड्या वळून रेषा झिजल्या असतील, बाई म्हणाल्या.

"झिजल्या तं बाकीची आठ बोटं कशी लागत होती?" नंदलालनं आवाज खाली आणला. "त्या दोघींचंबी असंच. एकीनं तं जन्मात बिडी वळली नाही. तिसरा महिना लागला का अंगठे बंद. लेकरू पुरलं का चालू."

सुलोचनाबाईंना संताप आला. पोटच्या पोराला पुरलेल्या बायकांवर असल्या गोष्टी रचतोस, लाज नाही वाटत, असं त्यांनी त्याला चांगलंच सुनावलं. घरी येऊन तांदूळ निवडायला बसल्या आणि निवडलेलेच पुन्हा निवडत राहिल्या.

रविवारी रुची आली. तिची चोरओटी भरायची होती. सोनोग्राफी चांगली आली म्हणत तिनं फोटो दाखवायला मोबाईल काढला आणि आकडे दाबून उघडला.

"अंगठा लावून उघडत होती ना तू?"

"आता नाही घेत."

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. दुसरं कोणतंबी बोट घेते."

सुलोचनाबाईंनी तिचा हात ओढून दारातल्या उन्हात धरला.

अंगठ्यावरच्या रेषा जिथल्या तिथे होत्या.