तोंग मिस्त्रींचं कानाचं मशीन

पंखा जरा कमी करा, म्हणजे मला हळू बोलता येईल. ही गोष्ट हळूच सांगायची असते. का, ते शेवटी कळेल.

माझं नाव लोक साउ-हिंग. शाम शुई पो या जुन्या वस्तीतल्या एका चहाच्या हॉटेलात मुख्य वेटर. गिऱ्हाइकं म्हणतात, हिंग चहात दूध कमी आणि गोष्टीत पाणी जास्त घालतो. असेल. पण ही गोष्ट मी पाणी न घालता सांगतोय.

आमच्या घरात एकही वस्तू कोरी आलेली नाही. माझं दाढीचं मशीन कुणा अनोळखी माणसाच्या गालावरून फिरून माझ्याकडे आलंय. फोनच्या पाठीवर कुणीतरी नखानं खरवडलेलं बदक आहे. एखादी वस्तू मेली की मी आपलिऊ रस्त्यावर काँगच्या जुन्या वस्तूंच्या ठेल्यावर जातो, ढिगात हात घालतो आणि तिची बदली घेऊन येतो. त्या ढिगाचे माझ्यावर फार उपकार आहेत. एरवी माझ्या पगारात हातातलं घड्याळसुद्धा चाललं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात आईचं कानाचं मशीन गेलं. आधी खरखरलं, मग शिट्टी मारायला लागलं, मग गप्प झालं. नव्याची किंमत विचारायला दुकानात गेलो, आणि ती ऐकून क्षणभर मीच बहिरा झालो. तिकडे आईनं माजोंग खेळायला जाणं सोडलं. चार बायकांत बसून कधी हसायचं ते दुसरीच्या तोंडाकडे बघून ठरवायचं, याचा तिला कंटाळा आला होता. दिवसभर खिडकीखालच्या आपल्या पलंगावर बसून राहायची. माझ्या थापासुद्धा तिच्यापर्यंत पोचेनात.

शेवटी काँगकडे गेलो.

"कानाचं मशीन आहे का रे?"

"बायको नाही तुला," काँग दातातली काडी फिरवत म्हणाला, "मग ऐकायचंय कुणाचं?"

"आईला हवंय."

त्याबरोबर त्यानं काडी काढली. ढिगात हात न घालता खालचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं मशीन माझ्या हातात ठेवलं. "चांगल्या माणसाचं आहे. एक वाटी शेवयांचे पैसे दे, म्हणजे झालं."

कानात बसणारं रबर नवं घातलं, बटन सेल नवा घातला. आईनं मशीन लावलं आणि छताकडे बघितलं. "पंख्याला एवढा आवाज असतो?" मग मी दिवसभराची हकिगत सांगितली. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "अजून खोटंच बोलतोस." तिचे डोळे भरले होते. माझेही.

थोड्याच दिवसांनी जेवताना तिनं काड्या खाली ठेवल्या.

"हिंग, शेजारी कोण ओरडतंय?"

"कुणी नाही."

"पुरुष आहे कुणीतरी. म्हणतोय... हं? काय? मोठ्यानं बोला!"

मी हसण्यावारी नेलं. पण मग रोजच व्हायला लागलं. आम्ही दोघं बोलायला लागलो की तो मध्ये पडायचा. एकदा मी ते मशीन माझ्याच कानात घातलं. आधी माझाच श्वास ऐकू आला. मग आमच्या खोलीपेक्षा खूप मोठ्या, उघड्या जागेतला वारा. बांबू करकरत होते. ओल्या बांबूचा वास आला, आणि वास कानातून येतोय असं वाटलं. दूर कुठेतरी फोन वाजत होता. वाजत होता, वाजतच होता... आणि अगदी जवळून, पोटातून ओरडल्यासारखं:

"हं? कोण बोलतंय?"

मी तसाच काँगकडे पळालो.

"तोंग मिस्त्री," काँग नजर चुकवत म्हणाला. "इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचे. खालून हाक मारली तर दहाव्या मजल्यावरचा माणूस दचकायचा. वरून एखादा बांबू सुटला की यांच्या आवाजानं रस्ता रिकामा व्हायचा. म्हातारपणी बहिरे झाले, या मशीनशिवाय काही ऐकू यायचं नाही. गेल्यावर घर रिकामं करताना मशीन माझ्याकडे आलं... परत देतोस का?"

मी घरी येऊन आईला विचारलं. तिनं कानावर हात ठेवला, जणू मी ओढूनच घेणार होतो.

"ओरडू दे बिचाऱ्याला. आपण काय बोलतोय ते त्याला ऐकू येत नाही रे. मला माहीत आहे ते कसं असतं."

मग वादळ आलं. आठ नंबरचा बावटा लागला, हॉटेल बंद झालं, मी भर दुपारी घरी आलो. दुपार कसली, खोलीत दिवा लावावा लागला. आई जेवून पलंगावर झोपली होती. झोपताना ती मशीन काढून सेल बाजूला ठेवते आणि मशीन डबीत, दमट हवेपासून जपून. मी चुलीवर पेज ढवळत होतो. बाहेर वारा आधी शिट्टी मारत होता, मग हुंदके दिल्यासारखा यायला लागला. मध्येच पूर्ण थांबायचा. त्या थांबण्याचीच जास्त भीती वाटत होती.

अशाच एका शांततेत ओल्या बांबूचा वास आला.

"खाली कोण आहे...!"

आवाज डबीतून आला होता. सेल डबीच्या बाहेर, टेबलावर पडलेला मला दिसत होता.

"सुटलं...! बाजूला व्हा! तिला उठव... उठव तिला!"

मी विचार केला नाही. आईला काखेत धरून ओढलं, आम्ही दोघं दाराशी जाऊन आदळलो, आणि अख्खी खिडकी चौकटीसकट आत आली. पलंगावर. उशीत काचा रुतल्या.

"काय झालं?" आई विचारत होती. "वारा कुठून येतोय?" मी तिला घट्ट धरून ठेवलं. पेज करपली. पाऊस आत येत होता. आणि डबीतला आवाज आता घाबरला होता.

"लागलं का कुणाला? ...अरे, कुणी बोला की!"

"नाही लागलं, मिस्त्री!" मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. "कुणालाच नाही लागलं!"

"हं?... काय?"

दिवसच्या दिवस तो तेवढंच विचारत राहिला. लागलं का कुणाला. आईला तो प्रश्न कानात घेऊन जेवण जाईना. ज्यानं तिला वाचवलं, त्यालाच ते कळत नव्हतं.

आमच्या पंचांगातला सातवा महिना लागला होता, पितर मोकळे सुटतात तो. मी यिपबाईंच्या दुकानात गेलो. पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू त्या करतात; इथं जाळलं की तिकडे त्यांना मिळतं.

"कानाचं मशीन?" यिपबाईंनी चष्मा वर केला. "फोन ने, टीव्ही ने, दाढीचं मशीन ने. हे कधी कुणी मागितलं नाही. कुणासाठी?"

"तोंग मिस्त्रींसाठी."

"अगंबाई! त्यांचा मुलगा परदेशातून आला होता. मोठ्या पडद्याचा फोन नेला माझ्याकडून, चार्जरसकट. चांगला पोरगा."

मी जागीच उभा राहिलो. फोन तिकडे पोचला होता. वाजत होता. आणि ऐकायचं मशीन राहिलं होतं इथं, काँगच्या खणात.

"बाई, दोन्ही कानांचं करा."

"आणि सेल? सेल विसरलास तर पुढच्या वर्षी परत येशील." त्यांनी चंदेरी कागदाचे गोल कापून अख्खं पाकीट भरलं. पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, "राहू दे. माझ्या दुकानाची परांचीही त्यांनीच बांधली होती."

फुटपाथवर पत्र्याच्या डब्यात आम्ही ते जाळलं. आईनं संत्री ठेवली, पेल्यात दारू ओतली आणि वाकून म्हणाली, "मिस्त्री, कुणाला लागलं नाही हो. मी बरी आहे. तुमच्यामुळे." राख भिरभिरत वर गेली. आईनं कानावर बोट ठेवलं.

"फोन थांबला," ती म्हणाली. "उचलला."

त्यानंतर ओरडणं बंद झालं. आई माजोंगला जायला लागली, बाकीच्या बायकांच्या आधीच हसायला लागली. एका दुपारी ती झोपली असताना काँग घरी आला. त्याला मी वादळाची गोष्ट सांगितली, सवयीप्रमाणे थोडा मसाला घालून. म्हटलं, खिडकी हलताना आधी मीच पाहिली, मिस्त्री मागून ओरडले.

डबी बंद होती. सेल बाहेर होता. आवाज अजिबात ओरडला नाही. माझ्या खांद्यामागून, अगदी हळू म्हणाला:

"हिंग... असं नव्हतं."

काँगनं काडी गिळली, देवाशपथ.

तेव्हापासून मी ही गोष्ट आहे तशीच सांगतो, आणि हळूच; मिस्त्रींना आता सगळं ऐकू येतं. आणि आज तर काळजीच नाही. आई मशीन लावून माजोंगला गेलीय, रस्त्याच्या पार त्या टोकाला. इथं आपण दोघंच आहोत.

...तुम्हाला वास येतोय का? बांबूचा? ओल्या?

बरं. बरं, मिस्त्री. सांगतो.

मुख्य वेटर नाही मी. साधाच आहे.