वाटणीतल्या मातोश्री

"आक्का, सही झाली न्हवं? आता आबा-आईला उद्या पुण्याला घिऊन जातो," धैर्यशील म्हणाला, आणि संयोगिताच्या हातातला कप तसाच राहिला!

कसबा बावड्यातल्या माहेरच्या घरावरचा आणि मळ्यावरचा हक्क तिने सकाळीच पुण्यात राहणाऱ्या या धाकट्या भावासाठी सोडून दिला होता, तोही हसत. तो सगळे विकणार, हे तिला ठाऊक होते. तिला त्यातले काही नको होते... हवे होते ते फक्त आईवडील! शाहूपुरीतल्या तिच्या घरी तिचे यजमान विजयसिंह यांनी मागची खोली स्वतः रंगवून ठेवली होती.

पण आबांचे, म्हणजे पिराजीरावांचे, पालुपद एकच. "लेकीच्या दारात म्हातारपण काढू व्हय? माणसं तोंडात शेण घालतील!" आणि पुण्याचे नाव निघाले की आई धोंडुबाई पदर डोळ्यांना लावायच्या. "तिथं दार लावून बसायचं गं नुसतं," एवढेच म्हणायच्या.

आबांनी उभा जन्म लोकांना जमिनीचे जुने मोडी कागद वाचून दिले होते. संयोगिता त्यांच्या मांडीवर बसून मोडी शिकली, ती घरातल्याच पत्रांवर. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्या घराण्यातला एक भाऊ बावड्यात होता, दुसरा गारगोटीला. मळा कोणी कसायचा आणि म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळायचे, यावर दोघे वर्षानुवर्षे एकमेकांना लिहीत राहिले होते. काय दिवस होते ते... गुऱ्हाळावरून ताज्या गुळाचा वास यायचा, आबा खड्या आवाजात वाचायचे, आणि 'मातोश्रींस' हा शब्द आला की ती खुदकन हसायची! आता आबांची नजर गेली होती. ती वाचायची, ते ऐकायचे.

"उद्या जायचंच हाय तर एकदा वाच, पोरी," आबा म्हणाले.

तिने जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यातले वरचेच पत्र उलगडले. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मळा आपण ठेवावा, आमची तक्रार नाही. मातोश्रींस मात्र..." कागदात नसलेला एक शब्दही आबांनी कधी वाचला नव्हता, तिलाही कधी वाचू दिला नव्हता. पण आज तिच्या व्याकूळ मनाने ती शिस्त मोडली!

"मातोश्री हल्ली लेकीचे घरी सुखरूप आहेत. लेकीचे हातचे अन्न त्यांस गोड लागते."

आबांनी कान टवकारले. मग म्हणाले, "ती वळ परत वाच."

"मातोश्री... मातोश्री लेकीकडे आनंदात आहेत..." आणि ती थांबली. मघाचे शब्द आठवेनात, अन्नाचे तर राहूनच गेले!

"खोटं वाचायलासुदीक पाठांतर लागतं, बाळ," आबा हळूच म्हणाले. "ह्या पत्रातला शब्द न् शब्द मला पाठ हाय. ही वळ त्यात न्हाई."

"चुकले आबा!" ती हुंदका देत त्यांच्या पायांशी कोसळली. "पण तुम्ही जाऊ नका हो... मला माझ्या वाट्याला तुम्ही दोघंच पायजे हुता!"

आबांचा हात तिच्या केसांवरून फिरला. "रडू नगंस. त्या दोघा भावांस्नी भन न्हवती गं... असती, तर एवढी पत्रं लिहायची पाळीच आली नसती!"

उंबऱ्यात उभा असलेला धैर्यशील आत आला. त्याचेही डोळे भरले होते. "आक्का, मी न्हेलं न्हाई तर लोक म्हणतील, घर इकलं आन् आई-बापाला वाऱ्यावर सोडलं... त्या भ्यानं न्हेत हुतो गं. तू एकदा तरी माझ्याजवळ मागायचंस की!"

"मागितलं असतं, तर तुला वाटलं असतं, भावाला कमीपणा आणती," ती म्हणाली. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला, तसे तिने त्याला लहानपणीसारखे पोटाशी धरले.

धोंडुबाई उठल्या आणि पुण्यासाठी भरलेल्या पिशव्यांतून आपली लुगडी एकेक बाहेर काढू लागल्या. आबांनी घसा खाकरला, उगाच टोपी सारखी केली, आणि ज्या लेकीच्या दारात राहायला ते इतके दिवस लाजत होते, तिलाच त्यांनी संकोचून विचारले,

"तुमच्यात सकाळचा च्या किती वाजता असतो, गं?"